कलहाचे शमन : रोहिणीच्या पाण्यापासून चवदार तळ्यापर्यंत



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. वसतिगृहाच्या नळावर पहाटे साडेपाच वाजता पाचवीच्या एका मुलाने बादली लावली होती. आठवीचा एक मुलगा आला, त्याने ती बादली उचलून बाजूला ठेवली आणि आपली लावली. शब्दाने शब्द वाढला, ढकलाढकली झाली, लहान मुलाचा ओठ फुटला. त्या आठवड्यात अधीक्षकांची जबाबदारी माझ्याकडे होती. परिपाठाची घंटा होत आली होती. मी दोघांना समोर उभे केले, दोघांनाही चार शब्द सुनावले, एकमेकांची माफी मागायला लावली आणि हातात हात द्यायला सांगितले. पाच मिनिटांत भांडण मिटले, असे मला वाटले.

दुपारी तो पाचवीतला मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याने एवढेच विचारले, “सर, मी माफी कशाची मागितली?”

तीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माणसाजवळ त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे. माणसे भांडतात, ही काही नवी गोष्ट नव्हे. संघात, गावात, गिरणीत, घरात, वर्गात, जिथे माणूस आहे तिथे मतभेद आहेत. प्रश्न असा की, निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसांनी आपले कलह मिटवले कसे, आणि मिटवणे म्हणजे नेमके काय? आवाज बंद होणे, की अन्याय दूर होणे?

रोहिणीचे पाणी

शाक्य आणि कोलिय या दोन गणांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत होती. तिचे पाणी दोघांच्याही शेतीला लागे. पाणी आधी कोणी घ्यावे, यावरून तंटे होत. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण याच तंट्यात दाखवले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांच्या बुद्धीला पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर ही दृश्ये पाहिलीच नव्हती, हे त्यांना असंभवनीय वाटले.

ग्रंथातील प्रसंग असा आहे. सिद्धार्थ वयाच्या विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद झाला. सभासदत्वाच्या आठव्या वर्षी शाक्यांच्या आणि कोलियांच्या सेवकांत पाण्यावरून मारामारी झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला. आगळीक कोणाची, हे आधी तपासले पाहिजे. आपल्याही माणसांकडून चूक झाल्याचे कानावर आले आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याने उपसूचना मांडली : शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा, आणि या पाच जणांनी तंटा सोडवावा.

या साध्या योजनेत किती शहाणपण आहे, ते पाहा. दोन्ही पक्षांना समान प्रतिनिधित्व आहे. पाचवा माणूस कोणा एकाने लादलेला नाही. तो चौघांच्या विश्वासातून आला आहे. आणि निवाड्यापूर्वी चौकशी आहे. आज आपण ज्याला लवाद म्हणतो, त्याची सर्व अंगे यात आहेत.

तरीही उपसूचना प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा प्रश्न आला, तेव्हा सिद्धार्थाने सैन्यात दाखल होण्यास नकार दिला. कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती, ही धमकी त्याला मिळाली. बहिष्काराचे शस्त्र किती जुने आहे, हे ध्यानात घ्या! आपल्या मतासाठी घरच्यांना शिक्षा नको, म्हणून त्याने स्वतः देशत्याग आणि परिव्रज्या स्वीकारली. पुढे राजगृहात असताना त्याला वार्ता कळली की, शाक्य-कोलियांत समेट झाला असून रोहिणीच्या पाण्याचे तंटे सोडवण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमण्याचे ठरले आहे. बहुमताने हरलेला विचार काही काळानंतर दोन्ही गणांनी स्वीकारला. बहुमत नेहमी बरोबर असतेच असे नाही, पण हरलेल्या योग्य विचारालाही वाट मिळू शकते, हा या कथेचा बोध आहे.

संघातील कलह आणि त्याचे नियम

भिक्खुसंघ हा शीलवान माणसांचा संघ. तिथे भांडणे झाली नसतील, असे कोणास वाटेल. विनयपिटक वेगळे सांगते. महावग्गाच्या दहाव्या प्रकरणात कोसंबीच्या कलहाची हकिकत आहे. अट्ठकथेनुसार निमित्त होते शौचकूपात भांड्यात उरलेल्या पाण्याचे. एक भिक्खू धम्माचा जाणकार, दुसरा विनयाचा जाणकार. भांड्यात पाणी उरू देणे हा दोष आहे की नाही, यावरून दोघांत वाद झाला. दोघांचे शिष्य त्यात उतरले आणि संघ दुभंगला. तथागतांनी समजावून पाहिले. भिक्खूंनी ऐकले नाही. तेव्हा तथागत एकटेच निघून गेले आणि परिलेय्यक वनात राहिले. मग कोसंबीच्या उपासकांनी भांडखोर भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले. भिक्खू वरमले, श्रावस्तीला गेले आणि तिथे समेट झाला. सामान्य गृहस्थांच्या शांत असहकाराने विद्वानांचे भांडण मिटवले, ही गोष्ट शिक्षकांनी आणि पुढाऱ्यांनी विसरू नये.

याच प्रसंगी तथागतांनी भिक्खूंना दीघावु कुमाराची कथा सांगितली. काशीराज ब्रह्मदत्ताने कोसलराज दीघीतीचे राज्य घेतले आणि त्याला राणीसह ठार केले. वैराने वैर शमत नाही, असे मरणाच्या दारात उभ्या असलेल्या पित्याने मुलाला बजावले होते. पुढे दीघावु ओळख लपवून ब्रह्मदत्ताच्या सेवेत राहिला. एकदा अरण्यात राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपला असता त्याने तीनदा तलवार उपसली आणि तीनदा म्यान केली. दोघांनी एकमेकांना जीवदान दिले. येथवरची कथा आपण अनेकदा ऐकतो. परंतु पुढचा भाग प्रवचनांतून बहुधा सुटून जातो : ब्रह्मदत्ताने दीघावुला त्याच्या पित्याचे सैन्य, कोश आणि राज्य परत केले. म्हणजे एकाने सूड सोडला आणि दुसऱ्याने लुटलेले परत दिले. कलह शमला तो या दोन्ही गोष्टी घडल्या म्हणून.

विनयपिटकाने कलहशमनाचे नियमही घालून दिले आहेत. त्यांना ‘अधिकरणसमथ’ म्हणतात. ते सात आहेत :

1. सम्मुखाविनय : संघ, धम्म, विनय आणि दोन्ही पक्ष समोर असतानाच निवाडा. पाठीमागे निर्णय नाही.

2. सतिविनय : ज्याची स्मृती स्वच्छ आहे आणि ज्याच्यावर बिनबुडाचा आरोप झाला आहे, त्याला निर्दोष जाहीर करणे.

3. अमूळ्हविनय : चित्तभ्रमाच्या अवस्थेत घडलेल्या कृत्याबद्दल, भान आल्यानंतर त्या माणसाला दोषी न धरणे.

4. पटिञ्ञातकरण : ज्याने जे कबूल केले, त्याच्यापुरतीच कारवाई.

5. येभुय्यसिका : शलाका वाटून बहुमताने निर्णय.

6. तस्सपापियसिका : जो उडवाउडवीची उत्तरे देतो, आधी नाकारतो, मग कबूल करतो, त्याच्यावर कारवाई.

7. तिणवत्थारक : ‘गवताने झाकणे’. दोन्ही बाजूंकडून अनेक अनुचित गोष्टी घडल्या असतील आणि एकेक उकरत बसल्याने कलह वाढणार असेल, तर सर्वांनी सामुदायिक कबुली देऊन तो विषय झाकून टाकणे.

शलाका वाटणाऱ्या भिक्खूची पात्रताही सांगितली आहे. तो आवड, द्वेष, भय आणि मोह यांच्या आहारी न जाणारा हवा आणि शलाका कोणी घेतली, कोणी घेतली नाही, हे त्याला कळले पाहिजे. परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत दहा मुद्द्यांवरून वाद झाला, तेव्हा भर सभेत नुसता गोंगाट होऊ लागला. मग पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार अशा आठ भिक्खूंची समिती नेमून प्रश्न सोडवण्यात आला. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी, भिक्खुसंघाला ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे संसदीय नियम ठाऊक होते, याची देशाला आठवण करून दिली, ती याच आधारावर.

आता सातव्या नियमाकडे पुन्हा वळू. गवताने झाकण्याचा मार्ग मोठा करुणामय आहे. पण विनयाने त्याला मर्यादा घातली आहे : गंभीर अपराध आणि गृहस्थांशी संबंधित अपराध या मार्गाने झाकले जात नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नियमांत ही ओळ आहे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. काय झाकावे आणि काय झाकू नये, हा भेद कळणे हेच कलहशमनाचे अर्धे ज्ञान होय.

चावडी आणि गाव

हा भेद न कळल्याने काय होते, ते मी लहानपणी पाहिले. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आमच्या गावात दुष्काळी उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. वडील सार्वजनिक विहिरीवर गेले. तिथे एकाने त्यांची घागर लाथेने लवंडली. वडिलांनी त्याचा हात धरला. संध्याकाळी चावडीवर माणसे जमली. “दोन्ही बाजूंनी नमते घ्यावे, गावात शांतता राहावी,” असे वडीलधारे म्हणाले. वडिलांनी हात जोडले. घागर लवंडणाऱ्यानेही जोडले. गाव समाधानाने घरी गेले. विहीर मात्र आम्हाला मोकळी झाली नाही. त्या रात्री वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आई दोन कोसांवरून पाणी घेऊन आली.

नळावरच्या त्या मुलाचा प्रश्न ऐकला, तेव्हा मला चावडी आठवली. चावडीवर जे घडले, तेच मी माझ्या हाताने शाळेत केले होते.

गावातील समेट वाईटच असतो, असे मात्र म्हणणे नाही. बांध कोरला, पाणंद अडवली, सामाईक विहिरीवरील पाण्याची पाळी चुकली, भावाभावांत वाटणी रखडली, असे तंटे कोर्टात गेले तर दोन पिढ्या खर्ची पडतात. वकिलाची फी आणि तारखांच्या खेपा यांत जमिनीच्या किमतीहून अधिक पैसा जातो. महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी, गावातील तंट्यांची नोंद करावी आणि दिवाणी, महसुली व तडजोडपात्र फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवावेत, अशी तिची रचना. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीलाही कायद्याचे अधिष्ठान दिले. तिथे संमतीने झालेला निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाही. या व्यवस्थांनी अनेक घरांचे चुलीवरचे पाणी वाचवले आहे.

परंतु ‘तडजोडपात्र’ हा शब्द नीट वाचा. गंभीर गुन्हे त्यात येत नाहीत. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, 1989 खालील गुन्हे कायद्याने तडजोडपात्र ठरवलेले नाहीत. सामाजिक बहिष्कार हा तर 2016 च्या महाराष्ट्र कायद्याने स्वतंत्र गुन्हाच ठरला आहे. विनयाने जे सांगितले, तेच आधुनिक कायदा वेगळ्या भाषेत सांगतो : सर्वच गोष्टी गवताने झाकायच्या नसतात. दोन समान माणसांच्या बांधाचा तंटा समितीने अवश्य मिटवावा. पण जिथे एकाच्या हातात सत्ता आणि दुसऱ्याच्या हातात रिकामी घागर आहे, तिथे ‘दोघांनीही नमते घ्या’ म्हणणे म्हणजे बलवानाची बाजू घेणे होय.

गिरणी आणि कामगार

गिरणीमालक आणि कामगार हेही असेच असमान पक्ष. 1938 साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. तंट्यात आधी समेटाची बोलणी सक्तीची करावीत आणि त्या काळात संपाला बंदी असावी, असा त्याचा रोख होता. वरवर पाहता हे शांततेचेच विधेयक. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. कामगाराचा संपाचा हक्क काढून घेणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य काढून घेणे, अशी त्यांची भूमिका होती. 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि इतर कामगार संघटनांनी एक दिवसाचा संप केला.

मग बाबासाहेब समेटाच्या विरोधात होते काय? मुळीच नाही. 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 7 ऑगस्ट 1942 रोजी त्यांच्याच अध्यक्षतेखाली दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. तंटे सोडवण्याची कार्यपद्धती ठरवणे, हा तिच्या उद्देशांपैकी एक होता. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की त्यांचा विचार स्पष्ट होतो : दुबळ्याचे हात बांधून केलेला समेट नको, त्याला बरोबरीची खुर्ची देऊन केलेला समेट हवा.

चवदार तळे

आता महाडकडे येऊ. मुंबई विधिमंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण ठरले. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्याचे पाणी मात्र कागदावरच मोकळे राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्ण जमावाने परिषदेहून परतणाऱ्या लोकांवर हल्ले केले. आपले लोक संख्येने कमी नव्हते, त्यांत लष्करातून निवृत्त झालेले जवानही होते. बाबासाहेबांनी त्यांना प्रतिहल्ला करू दिला नाही. दोषींवर कायद्याने कारवाई व्हावी, असा मार्ग त्यांनी धरला.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा हजारो लोक जमले. तत्पूर्वी विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. तळे खाजगी मालकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जायचे की नाही, यावर परिषदेत मोठी चर्चा झाली. माणसे तुरुंगात जायला सिद्ध होती. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि परिषदेने तो मानला. मग सुरू झाली ती दहा वर्षांची लढाई. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही. सत्याग्रहींच्या बाजूने निकाल लागला.

महाडमध्ये कलहशमनाच्या तीन गोष्टी एकत्र दिसतात. पहिली, हक्क ठामपणे बजावणे; दुसरी, हिंसेला हिंसेने उत्तर न देणे; तिसरी, तटस्थ न्यायासनापुढे पुराव्यानिशी उभे राहणे. यांपैकी पहिली वगळली तर उरते ती शरणागती. दुसरी वगळली तर उरते ते वैर. 1949 च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, सनदशीर मार्ग उपलब्ध नसताना असनदशीर मार्गांचे समर्थन होऊ शकत होते. ते मार्ग खुले झाल्यावर मात्र आपण तेच अनुसरले पाहिजेत. आज रस्त्यावर दगड उचलणाऱ्या प्रत्येक तरुणाने, आणि त्या तरुणाची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या प्रत्येकानेही, हे वाक्य समजून घ्यावे. मार्ग खुले आहेत, असे म्हणताना ते खरोखर खुले ठेवण्याची जबाबदारीही येते.

पुन्हा नळावर

त्या दिवशी सायंकाळच्या वंदनेनंतर मी सर्व मुलांसमोर माझी चूक कबूल केली. मग सिद्धार्थाची उपसूचना फळ्यावर लिहिली. पाचवीच्या मुलांनी दोघे निवडले, आठवीच्या मुलांनी दोघे. पाचवा कोण, यावर चौघांनी बराच वेळ घेतला. मला वाटले, ते मुख्याध्यापकांचे नाव घेतील. त्यांनी स्वयंपाकघरातल्या मावशींना निवडले. त्यांचे कारण साधे होते : पाणी किती वाजता येते, किती वाजता जाते, हे त्यांनाच ठाऊक.

मावशींनी पहिल्या पाच मिनिटांत मूळ कारण सांगितले. चार नळांपैकी दोन महिनाभर बंद होते आणि पाणी तासभरच येत होते. आठवीच्या मुलांचा जादा तास सहाला असे. म्हणून त्यांची घाई. त्यांच्याही बाजूला कारण होते, ते आम्ही कोणी विचारलेच नव्हते. पंचांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पाण्याच्या पाळीचा तक्ता करावा आणि नळ दुरुस्त करून घ्यावेत, ही सर्वांची बाब. ओठ फोडला, ही एकाची बाब. त्याची माफी एकानेच मागावी. आठवीच्या मुलाने सर्वांसमोर माफी मागितली. पुढचा आठवडाभर त्याने त्या लहान मुलाची बादली स्वतः भरून दिली. तसे करायला कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, हे विद्यालय सोडून तुम्ही शेतात, कचेरीत, कारखान्यात, न्यायालयात, संसारात जाल. कलह तुमच्याआधी तिथे पोहोचलेला असेल. तेव्हा आधी पाहा की दोन्ही बाजू समान आहेत काय. समान असतील तर मन मोठे करा आणि गवत टाका. समान नसतील, तर प्रथम दुबळ्याला बरोबरीने बसवा. समेटाची भाषा त्यानंतर. समोरासमोर ऐका, पाठीमागे निकाल देऊ नका. आपलीही आगळीक तपासा. आणि द्वेष मनात ठेवून न्याय मागू नका. तशा न्यायाने दीघावुची तलवार म्यान होत नाही.

स्वाध्याय

1. सिद्धार्थाची उपसूचना बहुमताने हरली, तरी तिला अपयशी म्हणता येईल काय? कारणे द्या.

2. तिणवत्थारकाची मर्यादा आणि ‘तडजोडपात्र गुन्हा’ ही कल्पना यांतील साम्य सांगा.

3. तुमच्या घरातील किंवा गावातील मिटलेला एक तंटा वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. तो मिटला, की झाकला गेला?